तलवार कोणाच्या हाती द्यायची? अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि फ्रान्सची मदत

१९ ऑक्टोबर १७८१ च्या दुपारी व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउन या लहानशा बंदरगावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन सैन्ये समोरासमोर उभी होती. एका बाजूला पांढऱ्या गणवेशातले फ्रेंच, दुसऱ्या बाजूला अमेरिकन, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगावर धड गणवेशही नव्हता. मधल्या वाटेने शरण आलेले इंग्रज सैन्य बाहेर पडत होते. त्यांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस आजारी असल्याचे कळवून आलाच नाही. त्याच्या वतीने आलेला जनरल ओहारा तलवार घेऊन निघाला तो थेट फ्रेंच सेनापती रोशाम्बोकडे. रोशाम्बोने समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनकडे खूण केली. समोरून दुय्यम अधिकारी आला असेल तर आपल्याकडूनही दुय्यमानेच शरणागती घ्यावी, या हिशेबाने वॉशिंग्टनने त्याला आपल्या हाताखालच्या जनरल लिंकनकडे पाठवले.

ओहारा गोंधळला होता की अमेरिकनांना मुद्दाम खिजवत होता, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. त्या मैदानावर नुसती नजर टाकणाऱ्यालाही मात्र, हे युद्ध नेमके जिंकले कोणी, असा प्रश्न पडलाच असता.

४ जुलै २०२६ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा अडीचशेवा वर्धापनदिन. त्या निमित्ताने जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात फ्रान्सचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो: ‘फ्रान्सने मदत केली.’ सामान्य वाचकाला हे वाक्य कोड्यात टाकते. फ्रान्समध्ये तेव्हा सर्वसत्ताधीश राजा होता आणि अमेरिकन लोक राजाविरुद्धच उठले होते. मग एका राजाने दुसऱ्या राजाच्या बंडखोर प्रजेला पैसा, दारूगोळा, सैन्य आणि आरमार का पुरवावे? आणि ज्याने एवढे पुरवले, त्याच्या पदरात शेवटी काय पडले? हे कोडे सोडवताना एक धागा थेट पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत येतो. तो ओढून ताणून आणलेला नाही, हे पुढे दिसेलच.

## आधी भांडण समजून घेऊ

१७५६ ते १७६३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात एक मोठे युद्ध झाले, ते सप्तवार्षिक युद्ध म्हणून ओळखले जाते. ते युरोपात, उत्तर अमेरिकेत, वेस्ट इंडीज बेटांवर आणि आपल्याकडे बंगाल आणि कर्नाटकातही (म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या किनारी भागात) लढले गेले. फ्रान्स सपाटून हरला. कॅनडा हातचा गेला, आणि भारतात पाँडिचेरीसारखी ठाणी परत मिळाली तरी इंग्रजांशी बरोबरी करण्याची ताकद उरली नाही.

इंग्लंड जिंकले खरे, पण त्याच्या डोक्यावर सुमारे १३ कोटी पौंडांचे कर्ज झाले. युद्ध अमेरिकेतल्या आपल्या १३ वसाहतींच्या रक्षणासाठीही लढलो, तेव्हा त्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, असे लंडनचे म्हणणे पडले. ज्या संसदेत आमचा एकही प्रतिनिधी नाही तिने आमच्यावर कर बसवू नये, असे वसाहतींचे. १७६५ च्या मुद्रांक करापासून हे धुमसत राहिले आणि १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, म्हणजे मुंबईच्या कोटात बसून पेशव्यांच्या घरभांडणात नाक खुपसणाऱ्या त्याच कंपनीचा. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळीबार होऊन युद्धाला तोंड फुटले.

वसाहतींजवळ माणसे होती, बंदुकीची दारू नव्हती. बोस्टनला वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनने ऑगस्ट १७७५ मध्ये साठ्याची मोजदाद करवली. तीनशेच्या वर पिंपे असल्याचे त्याला सांगितलेले होते, प्रत्यक्षात चाळीसही भरली नाहीत, म्हणजे दर शिपायामागे जेमतेम नऊ बार. ही बातमी ऐकून तो अर्धा तास एक शब्दही बोलला नाही, असे त्याच्या एका सेनाधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. या युद्धात परदेशी मदत कशासाठी लागली, हे त्या अर्ध्या तासावरून कळते. दारूचे कारखाने नाहीत, तोफा ओतण्याची सोय तुटपुंजी, आरमार जवळपास शून्य, आणि कागदी चलन छापण्यापलीकडे तिजोरी नाही, अशा स्थितीत जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराशी गाठ पडली होती.

## राजाने बंडखोरांच्या पाठीशी का उभे राहावे?

गावाकडचे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने पाटलाशी बांधाचा दावा लढवला आणि तो हरला. जमीन गेली, अब्रूही गेली. बारा वर्षांनी त्याच्या कानावर आले की पाटलाचा पुतण्या वाटणी मागतो आहे. या शेतकऱ्याला पुतण्याच्या हक्कांचे काही सोयरसुतक नाही; त्याच्या स्वतःच्या घरातही तो पुतण्यांना वाटणी देत नाही. पण पाटलाचे घर फुटले तर पाटील दुबळा होईल, एवढे त्याला कळते. तेव्हा दावा पुतण्याचा आणि वकिलाची फी शेजाऱ्याची, अशी व्यवस्था गुपचूप होते.

सोळाव्या लुईचा परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याची भूमिका नेमकी ही होती. अमेरिकेच्या व्यापारावर इंग्लंडची श्रीमंती उभी आहे, तो व्यापार तुटला की इंग्लंड आपल्या पातळीवर येईल, असा त्याचा हिशेब होता. १७६३ चा अपमान फ्रेंच दरबार विसरलेला नव्हता. अर्थमंत्री तुर्गोने विरोध केला. युद्ध तिजोरीला पेलणार नाही आणि वसाहती कधी ना कधी आपोआप सुटतीलच, असे त्याचे म्हणणे होते. १७७६ मध्ये त्याला पायउतार व्हावे लागले. पुढे जे घडले ते पाहता दरबारातला सर्वांत शहाणा माणूस तोच होता, असे मला वाटते.

## खोटी पेढी, खऱ्या तोफा

उघड मदत म्हणजे इंग्लंडशी उघड युद्ध, आणि फ्रेंच आरमाराची नवी बांधणी अजून पुरी व्हायची होती. म्हणून पहिली दोन वर्षे मदत चोरून झाली. हे काम अंगावर घेणारा माणूस नाटककार होता. बोमार्शेची विनोदी नाटके तेव्हा पॅरिसमध्ये गाजत होती, आणि हा नवा प्रयोगही त्याने तितक्याच हौसेने उभा केला. ‘रोद्रिग ओर्तालेझ आणि कंपनी’ या स्पॅनिश वाटणाऱ्या नावाने त्याने एक पेढी काढली. १७७६ मध्ये फ्रेंच राजाने तिच्यात दहा लाख लिव्र घातले. लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन. स्पेनच्या राजानेही तेवढेच दिले. कागदोपत्री ही खाजगी व्यापारी पेढी होती. प्रत्यक्षात ती फ्रेंच शस्त्रागारांतून जुन्या तोफा-बंदुका उचलून अमेरिकेला धाडत असे. इंग्रज वकील तक्रार करायला आला की व्यापारी काय करतात ते आम्हाला कुठे ठाऊक असते, असे सांगायला दरबार मोकळा.

१७७७ च्या वसंतात ‘अँफिट्रिट’ हे तिचे जहाज न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथ बंदराला लागले. त्यातून पन्नासहून अधिक पितळी तोफा आणि सहा हजारांहून अधिक बंदुका उतरल्या. त्यांच्यासोबत खणण्याची हत्यारे, हजारो सदरे आणि मोजेही. सदरे-मोजे हा तपशील मला तोफांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण हिवाळ्यात अनवाणी शिपाई लढत नाही, घरी जातो. कॅरिबियन समुद्रातले सेंट युस्टेशियस हे चिमुकले डच बेटही याच काळात दारूगोळ्याची बाजारपेठ बनले. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांनी वापरलेली बहुतांश दारू एक तर अशी तयार आली होती किंवा आयात केलेल्या सोऱ्यापासून बनली होती.

ही मदत म्हणजे देणगी की उधारी, हे कोणी नीट ठरवलेच नाही. बोमार्शेची समजूत अशी की मालाच्या बदल्यात तंबाखू येईल. अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेचा, म्हणजे खंडीय काँग्रेसचा, समज असा की ही राजाची भेट आहे, पेढी केवळ पडदा. नातेवाइकांतल्या हातउसन्या व्यवहाराचे होते तेच झाले. बोमार्शे १७९९ मध्ये पैशांची वाट पाहतच वारला आणि त्याच्या वारसांना अमेरिकेने १८३५ मध्ये आठ लाख फ्रँक देऊन प्रकरण मिटवले.

## ‘मान्यता’ म्हणजे काय, आणि ती एवढी महाग का?

१७ ऑक्टोबर १७७७ रोजी न्यू यॉर्क प्रांतातल्या साराटोगा येथे जनरल बर्गॉइनची सबंध इंग्रज फौज अमेरिकनांना शरण आली. ही बातमी डिसेंबरच्या सुरुवातीला पॅरिसला पोचली, तेव्हा अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन तेथे वर्षभर ठाण मांडून होता. त्याला हवी होती मान्यता, म्हणजे ‘तुम्ही एक स्वतंत्र देश आहात’ असे दुसऱ्या देशाने उघडपणे लिहून देणे. सातबाऱ्यावर नाव लागण्याशी तिची तुलना करता येईल. प्रत्यक्ष कसत असलात तरी उताऱ्यावर नाव नसेल तर बँक दारात उभे करत नाही; नाव लागले की कर्जही मिळते आणि व्यवहारही होतात. मान्यता नसलेला अमेरिकन हा इंग्लंडचा फितूर प्रजाजन होता. मान्यता मिळाल्यावर तो परदेशी पाहुणा झाला, त्याच्या जहाजांना बंदरे खुली झाली आणि त्याच्या कर्जरोख्यांना किंमत आली.

साराटोगाच्या धक्क्याने इंग्लंडही समझोत्याची भाषा बोलू लागले. त्यांचा एक हस्तक गुपचूप फ्रँकलिनला भेटला, आणि ही भेट व्हर्जेनच्या कानावर जाणार नाही अशी खबरदारी काही फ्रँकलिनने घेतली नाही. लग्नाच्या बोलणीत घोळ घालणाऱ्या मंडळींना ‘दुसऱ्या एका स्थळाकडून विचारणा आली आहे’ हे सहज कळू द्यावे, तसा हा प्रकार होता. पाटील आणि पुतण्या पुन्हा एक झाले तर शेजाऱ्याने आतापर्यंत भरलेली फी वाया जाणार होती. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी दोन तह झाले. एक व्यापाराचा, ज्यात मान्यता होती, आणि दुसरा लष्करी युतीचा. दुसऱ्यातली एक अट लक्षात ठेवावी, कारण ती पुढे मोडली जाणार आहे: दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या संमतीशिवाय इंग्लंडशी तह करायचा नाही.

स्पेन १७७९ मध्ये युद्धात उतरला, पण त्याचा करार फ्रान्सशी होता. अमेरिकेला त्याने मान्यता दिली नाही. स्वतःच्या अफाट वसाहती सांभाळणाऱ्या स्पेनला बंडखोरीचा पायंडा नको होता. त्याला जिब्राल्टर, मिनोर्का आणि फ्लोरिडा परत हवे होते. तरीही लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर गाल्वेझ याने १७७९ ते १७८१ या काळात बॅटन रूज, मोबील आणि पेन्साकोला इंग्रजांकडून घेतली, त्याचा लाभ अमेरिकनांना झालाच. डिसेंबर १७८० मध्ये इंग्लंडने हॉलंडवरही युद्ध पुकारले.

या साऱ्याचा परिणाम अमेरिकेतल्या कोणत्याही एका लढाईहून मोठा होता. १७७८ पर्यंत इंग्लंड एक बंड मोडत होते. त्यानंतर त्याला जिब्राल्टर राखायचे होते, वेस्ट इंडीजची साखरेची बेटे राखायची होती, १७७९ च्या उन्हाळ्यात खुद्द आपला किनारा राखायचा होता आणि भारतही राखायचा होता. फ्रान्स युद्धात उतरल्याबरोबर इंग्रजांनी फिलाडेल्फिया सोडले आणि न्यू यॉर्कच्या फौजेतले पाच हजार शिपाई कॅरिबियनमध्ये धाडले. एकाच माणसाला चार बांधांवर एकाच वेळी भांडण उभे राहिले की तो प्रत्येक बांधावर थोडा थोडा कमी पडतो.

## यॉर्कटाउनचा निकाल समुद्रावर लागला

असे असूनही युतीची पहिली तीन वर्षे निराशेची गेली. १७७८ मध्ये न्यूपोर्टला फ्रेंच आरमार वादळात सापडून निघून गेले आणि अमेरिकन सेनानी चिडले. १७७९ मध्ये सव्हाना येथे दोघांनी मिळून हल्ला केला आणि दोघांनी मिळून मार खाल्ला. जुलै १७८० मध्ये रोशाम्बो साडेपाच हजार सैनिक घेऊन न्यूपोर्टला उतरला, पण जवळपास वर्षभर तेथेच बसून राहिला.

ऑगस्ट १७८१ मध्ये निरोप आला की ॲडमिरल द ग्रास वेस्ट इंडीजहून २८ मोठ्या युद्धनौका घेऊन चेसापीक उपसागराकडे निघाला आहे आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच थांबू शकेल. वॉशिंग्टनच्या मनात न्यू यॉर्कवर हल्ला करायचे होते. रोशाम्बोने मात्र आधीच द ग्रासला चेसापीकची बाजू सुचवून ठेवली होती. त्या उपसागराच्या काठी यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस पाण्याकडे पाठ करून बसला होता, कारण इंग्रज माणसाला पाणी नेहमी आपलेच वाटे. दोन्ही सैन्ये दक्षिणेकडे निघाली. आज न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनच्या परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्या रोजच्या रस्त्यांजवळूनच ही फौज गेली.

मेरीलँडच्या वाटेवर अमेरिकन शिपाई अडून बसले. काँग्रेसच्या कागदी नोटेची किंमत रद्दीइतकी झाली होती, कित्येक महिन्यांचा पगार थकला होता आणि निदान एका महिन्याचा पगार रोख नाण्यांत दिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टनजवळ नाणी नव्हती. रोशाम्बोने आपल्या युद्धखजिन्यातली रक्कम उसनी दिली आणि सप्टेंबरमध्ये पगार वाटला गेला. अनेकांच्या हातावर काँग्रेसकडून पडलेले हे पहिलेच खणखणीत नाणे होते, आणि तेही फ्रेंचांनी दिलेले. इकडे द ग्रासने वाटेत स्पॅनिश हवानातून पाच लाख पेसो काही तासांत जमवून आणले, तेव्हा रोशाम्बोच्या रित्या झालेल्या पेट्या पुन्हा भरल्या.

५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीकच्या मुखाशी २४ फ्रेंच आणि १९ इंग्रज युद्धनौकांची गाठ पडली. दोन-अडीच तासांच्या या लढाईत त्या दिवशी एकही जहाज बुडाले नाही. पण नंतर इंग्रज आरमार दुरुस्तीसाठी न्यू यॉर्कला परतले आणि फ्रेंच उपसागरातच राहिले, त्यामुळे दार बाहेरून लागले. वेढ्याच्या जड तोफाही फ्रेंच जहाजांतूनच आल्या. जमिनीवर दोन्ही मित्रसैन्यांची संख्या साधारण सारखी होती. आरमारावरचे खलाशी धरले तर यॉर्कटाउनला अमेरिकनांपेक्षा फ्रेंच माणसेच जास्त होती. सुमारे तीन आठवड्यांत सात हजारांहून अधिक सैन्यासह कॉर्नवॉलिस शरण आला. निर्णायक आरमाराशिवाय आपण काहीही निर्णायक करू शकत नाही, असे वॉशिंग्टननेच पुढच्या महिन्यात अमेरिकन सैन्यात लढणाऱ्या लाफायेत या फ्रेंच सरदाराला लिहिले.

## मग अमेरिकनांनी स्वतः काय केले?

ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर तारखांमध्ये आहे. साराटोगा आधी, तह नंतर. आयत्या बंदुका बाहेरून आल्या असतील, पण जंगलात बर्गॉइनची वाट अडवणारी माणसे तिथलीच होती, आणि ती जिंकली नसती तर व्हर्जेनने सही केली नसती. मदत करणारा नेहमी आधी पाहतो की हा माणूस टिकेल का. बँक कर्ज देताना घेणाऱ्याची पत पाहते, त्याची गरज पाहत नाही, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे.

दुसरे असे की न्यूपोर्ट आणि सव्हाना येथेही मदत होतीच, तरी पराभव झाला. आठ वर्षे हरत, माघार घेत, पण सैन्य मोडू न देता टिकून राहणे हे काम अमेरिकनांनी केले आणि ते कोणी बाहेरून येऊन करू शकत नाही. माझे मत विचाराल तर, फ्रान्सशिवाय अमेरिका १७८१ मध्ये जिंकली नसती हे नक्की. ती कधीच जिंकली नसती असे मात्र म्हणता येणार नाही, कारण एवढा मोठा मुलूख कायमचा ताब्यात ठेवण्याइतके सैन्य इंग्लंडकडे केव्हाच नव्हते.

## याला वसाहतवादाविरुद्धचा लढा म्हणायचे का?

भारतीय वाचकाच्या मनात ही शंका हमखास येते. आपल्याकडे परक्यांचे राज्य घालवायचे होते. तिकडे लढणारे स्वतःच परके येऊन वसलेले होते. वरच्या उदाहरणातला पुतण्या ज्या जमिनीची वाटणी मागत होता, ती मुळात पाटलाचीही नव्हती. १७८३ च्या तहाने मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला मिळाला आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांचा त्यात उल्लेखही नाही. यांत ओनायडा लोक अमेरिकनांच्या बाजूने लढले होते आणि मोहॉक इंग्रजांच्या. जमीन दोघांचीही गेली. ते सुद्धा मित्रच होते, पण त्यांच्याजवळ आरमार नव्हते.

गुलामांचेही तसेच. सव्हानाच्या वेढ्यात फ्रेंच सेनेबरोबर सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीतले पाचशेहून अधिक मुक्त कृष्णवर्णीय सैनिक होते. पुढे त्याच वसाहतीत गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती हा स्वतंत्र देश झाला, तेव्हा फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकांची भरपाई मागितली. मान्यतेचे मोल स्वतः अनुभवलेल्या अमेरिकेने हैतीला ती दिली थेट १८६२ मध्ये. म्हणून मी या युद्धाला वसाहतींनी साम्राज्याविरुद्ध दिलेला लढा म्हणेन, आणि त्या वसाहती कोणाच्या होत्या हेही त्याच दमात सांगेन.

## गरज सरो

तहातली ती अट आठवत असेल. ३० नोव्हेंबर १७८२ रोजी अमेरिकन वकिलांनी व्हर्जेनला न विचारता इंग्लंडशी प्राथमिक करार केला. व्हर्जेनने जाब विचारला तेव्हा फ्रँकलिनने अत्यंत गोड भाषेत पत्र लिहिले: शिष्टाचारात चूक झाली खरी, पण आपल्यात फूट पडली असे इंग्रजांना वाटू देणे बरे नव्हे. एवढे लिहून त्याने नवे कर्जही मागितले, आणि साठ लाख लिव्रांचे कर्ज मंजूर झाले. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही आपल्याकडची म्हण आहे; इथे वैद्याने मरता मरता आणखी एक पुडी दिली.

अमेरिकन कृतघ्न होते का? मला तसे वाटत नाही. स्पेनला जिब्राल्टर मिळेपर्यंत युद्ध लांबवण्याचे वचन फ्रान्सने स्पेनला दिले होते आणि जिब्राल्टरशी अमेरिकेचे काही देणेघेणे नव्हते. नव्या देशाची हद्द फार पश्चिमेकडे जाऊ नये, असेही पॅरिसला वाटत होते. दोघांचे हिशेब जेवढा काळ जुळले तेवढा काळ युती चालली.

फ्रान्सच्या पदरात टोबॅगो, सेनेगल आणि आणखी काही किरकोळ ठिकाणे पडली. खर्च झाला शंभर कोटी लिव्रांहून अधिक, तोही बहुतेक कर्ज काढून. स्वतंत्र अमेरिकेचा व्यापार फ्रान्सकडे वळेल हा व्हर्जेनचा मुख्य हिशेबही चुकला, कारण भाषा आणि उधारीची सवय यांमुळे अमेरिकन व्यापारी पुन्हा लंडनच्याच दुकानात गेले. कर्जाने वाकलेल्या तिजोरीपायी राजाला १७८९ मध्ये प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली आणि तेथून फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. केवळ या युद्धामुळे राजाचे डोके गेले असे म्हणणे अति होईल. करपद्धती आधीच सडलेली होती. १७९३ मध्ये फ्रान्स पुन्हा इंग्लंडशी लढू लागला तेव्हा वॉशिंग्टनने तटस्थतेची घोषणा केली, आणि १७९८ ते १८०० या काळात तर अमेरिकन आणि फ्रेंच जहाजे एकमेकांवरच तोफा डागत होती.

## त्याच वर्षांत, पुण्यात

बोमार्शेची जहाजे अमेरिकेला जात होती त्याच १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ कोकण किनाऱ्यावर उतरून पुण्यात आला आणि आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असे सांगू लागला. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, मुंबईकर इंग्रज त्यांना गादीवर बसवू पाहत होते आणि कारभार नाना फडणीसांच्या हाती होता. सेंट लुबिनने युरोपीय सैनिक, कवायती पलटणी आणि युद्धसाहित्य देऊ केले; बदल्यात चौल बंदराच्या वापराची बोलणी झाली. नानांनी त्याचे थाटात स्वागत केले, आणि ते पुण्यातल्या मोस्टिन या इंग्रज वकिलाला दिसेल असे केले. हा फ्रँकलिनचाच डाव होता, फक्त उलट बाजूने: दुसरे स्थळ दाखवून पहिल्याला नमवणे.

फ्रँकलिनचा डाव साधला, नानांचा अंगावर आला. फ्रेंच पुण्यात पाय रोवतात या भीतीचे निमित्त करून मुंबईकरांनी पुन्हा युद्ध काढले आणि वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधून एक फौज भूमार्गाने पश्चिमेकडे धाडली. फ्रेंच मदत मात्र आलीच नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना कोंडून तह करायला लावला तो महादजी शिंद्यांनी आणि नानांनी, आपल्याच बळावर. १७८२ च्या सालबाईच्या तहात, पोर्तुगीजांखेरीज दुसऱ्या कोणा युरोपियनांना आपल्या राज्यात नव्या वखारी घालू देणार नाही, हे कलम पेशव्यांकडून लिहून घेण्यात आले. सेंट लुबिनची धास्ती इंग्रजांनी किती घेतली होती, ते या कलमात दिसते.

एकाच राजाने अमेरिकेला आरमार आणि पुण्याला एक बोलका माणूस का पाठवला? अंतर हे एक कारण; फ्रान्सहून भारताकडे यायला सहा महिने लागत. खरे कारण असे की अमेरिका इंग्लंडच्या व्यापाराच्या मुळाशी होती आणि भारतात फ्रेंचांजवळ उभे राहायला जागाच उरली नव्हती. १७७८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी आणि १७७९ मध्ये माहे घेतले. पुढे ॲडमिरल सुफ्रेन आरमार घेऊन आला आणि १७८२-८३ मध्ये इंग्रजांशी पाच झुंजी जिद्दीने लढला, पण मे १७८२ मध्येच महादजींनी पेशव्यांच्या वतीने सालबाईचा तह केला. त्याच्या येण्याचा आधार मिळाला तो हैदरअली आणि टिपूला. तोही किती टिकला? १७८३ मध्ये युरोपातल्या तहाची बातमी येताच मंगळूरच्या वेढ्यात टिपूबरोबर लढणारी फ्रेंच तुकडी बाजूला झाली आणि टिपू एकटा उरला. अमेरिकनांनी फ्रेंचांना न विचारता तह केला होता, फ्रेंचांनी टिपूला न विचारता.

यॉर्कटाउनला तलवार द्यायला न आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणाजवळ होता. बैल मेले होते, धान्य संपले होते आणि वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडून टाकून त्याची फौज परत फिरली होती. अशा वेळी समोरून जे घोडदळ येताना दिसले ते मराठ्यांचे निघाले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्धच्या युतीप्रमाणे त्याच्या मदतीला आले होते. त्यांच्या लष्कराबरोबर भलामोठा बाजार होता. त्यात धान्य, मेंढ्या, बैल, काश्मिरी शाली आणि इंग्लंडात बनलेले चाकूसुद्धा विकायला होते. उपाशी इंग्रज फौजेला तिथे सगळे मिळाले, बाजाराने लावलेल्या भावाने.